वाटीतला नांगर

“जहाजाचा काय व्हया ता करा, मास्तरानू,” भागीरथीकाकी म्हणाल्या. “दोर बदला, शिडां नवी शिवा. पण नांगराक हात लावू नकात.”

मी तेव्हा जहाजाभोवती फिरून फिरून बघत होतो. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत, खाडीकडच्या खिडकीखाली, एका चौरंगावर ते ठेवलेलं होतं. दोन हात लांबीची गुराब. म्हणजे आपल्या जुन्या आरमारातलं दोन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. अख्ख्या फणसाच्या लाकडातून कोरलेलं. पुढची नाळ, म्हणजे जहाजाचं नाक, निमुळती होत गेलेली, आणि दोन्ही बाजूंनी बोराच्या बीएवढी तोफांची तोंडं, एकेक मोजून घ्यावी अशी. जहाजांची मॉडेलं मीही करायचो. तालुक्याच्या प्रदर्शनात माझ्या पुठ्ठ्याच्या गुराबेला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि त्याच बातमीवर काकींनी मला बोलावणं धाडलं होतं. हे समोरचं काम पाहिलं आणि ते बक्षीस परत करावंसं वाटलं.

दोर मात्र एकजात कुजलेले. बोट लावलं की चुरा हातात. मागची डोलकाठी तर नुसती भिंतीला टेकून उभी होती. सगळ्या जहाजावर एकच दोर नवा, पांढराशुभ्र होता. तो नाळेवरून खाली उतरून चौरंगावरच्या पितळी वाटीत गेला होता. वाटीत तांदूळ, आणि तांदळात रुतलेला अंगठ्याएवढा लोखंडी नांगर.

“तांदळात कशाला?” मी विचारलं.

“सारंगांच्या घरातली रीत ती,” काकी म्हणाल्या. “पुरुष दर्यार निघालो काय घरातल्या बायलेन ह्यो नांगर उचलूचो आणि नाळेक बांधूचो. तो परत उंबऱ्यात इलो काय तांदळात सोडूचो. नांगर खाली म्हणजे माणूस घरात.”

“आता खाली आहे.”

“आसाच. माझो झील आसा मा घरात. लवू.” त्या जहाजाकडे बघत म्हणाल्या, “घोव गेलो, दीर गेलो, सगळ्यांक दर्यान नेल्यान. ह्यो एकलो उरलो. नांगर खाली आसा तवसर तो खंय जावचो नाय. माका दुसरा काय एक नको. डोळ्यांत फूल पडला, माका आता गाठी दिसनत नाय. म्हणान तुमका बोलावलंय.”

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, घाटावरचा. खाडीपलीकडच्या हायस्कूलमध्ये जूनपासून चित्रकलेचा मास्तर. विज्ञान मंडळाचा चिटणीसही मीच, त्यामुळे असल्या रीतींबद्दल माझं मत काय असणार हे सांगायला नको. पण जहाज इतकं देखणं होतं की मी मान डोलावली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचं रद्द केलं. रोज जेवून बाबल नावाड्याच्या तरीतून खाडी ओलांडायची, काकींकडे काम करायचं आणि चारच्या आत परत फिरायचं असं ठरलं.

पहिल्या दिवशी मी जुने दोर उतरवले. आमच्या कामात दोरा ओवताना टोक ओठांनी ओलं करायची सवय असते. जुन्या दोराचा जाडीचा अंदाज घेताना मी सवयीनं तो तोंडाशी नेला आणि थुंकलो. खारट! साधा खारट नव्हे, लाटेत नाकातोंडात पाणी जातं तसला. खोली सारवलेली, कोरडी, उदाचा वास मारणारी, आणि दोर आताच समुद्रातून काढल्यासारखे ओलसर. खिडकीतून खारा वारा येत असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तोलून धरणारे दोर बांधत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

“ती गाठ हयसर चलाची नाय, मास्तरानू. वाऱ्यान सुटात.”

दाराआडच्या कोपऱ्यात, गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यावर एक माणूस बसला होता. माझ्याच वयाचा, कदाचित दोन-तीन वर्षांनी मोठा. निळं गंजीफ्रॉक, काटक अंग, केस कपाळाला चिकटलेले. मी आत आलो तेव्हा तो तिथे होता की नव्हता, मला आठवेना.

“लवू का तुम्ही?” मी विचारलं.

“होय. तो दोरो खालसून घ्या. आता दोनदा फिरवा. आता त्येच्याच पोटातसून काढा. हां. ओढा.”

मी ओढलं. गाठ आवळली आणि दोऱ्याचाच एक भाग असावी तशी बसली. सोडवून पाहावी म्हणून मी नखं लावली, सुई घातली. ती ढिम्म हलली नाही.

“सुटूची नाय ती,” तो म्हणाला. “आमच्या घरातली गाठ. भिजली काय अजून आवळता. कापल्याशिवाय निघणा नाय.”

मला माझ्या गाठींचा फार ताठा होता. पण शेरास सव्वाशेर भेटला की गप्प बसून शिकावं, एवढी अक्कल होती. पुढचे आठ दिवस लवू सांगत गेला आणि मी बांधत गेलो. परबाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या काठीला, शीड कसं लावायचं, कुठला दोर आधी ताणायचा, वारा भरल्यावर शिडाचं पोट कुठे सुटलं पाहिजे, हे त्याला सगळं तोंडपाठ होतं. शिड्या, कप्प्या, सुकाणू, एकेक करत गुराब सजायला लागली. तो स्वतः मात्र एका दोऱ्यालाही हात लावत नसे. जाळ्यावरून उठतही नसे. मला वाटलं, पाय अधू असावा, म्हणून विचारलंही नाही.

काकी तीनच्या सुमाराला दोन कप चहा आणायच्या. एक माझ्यासमोर ठेवायच्या, एक लवूच्या पुढ्यात. लवूचा चहा साय धरून तसाच राहायचा. निघताना त्या तो कप उचलून मागच्या अळूत ओतायच्या. चहाला नाक मुरडणारी माणसं मी पाहिली होती, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. आई-मुलाचं बोलणं मात्र फार होत नसे. एवढंच, की काकी जाता-येता त्याच्या कपाळावरचे केस मागे सारायच्या आणि मग हात पदराला पुसायच्या.

“तुला समुद्रावर जावंसं नाही वाटत?” सहाव्या दिवशी मी त्याला विचारलं. तोवर आम्ही अरे-तुरेवर आलो होतो, निदान मी तरी.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. ओहोटीची खाडी खाली चकाकत होती.

“ओहोटी लागली काय दोर ताणता,” तो म्हणाला, आणि त्याने बरगड्यांच्या खाली हात ठेवला. “हयसर. दिवसातसून दोनदा. आतडी कोणी तरी ओढून काढता तसा होता. मगे भरती इली काय ढिलो पडता.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

तो हसला. लवूला हसताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

“आयेक सांगू नकात,” तो म्हणाला. “तिका वाटता, मी सुखात आसंय.”

त्या दिवशी तरीतून परतताना माझं डोकं तापलं होतं. तिशीतला, हाती एवढं कसब असलेला माणूस एका म्हातारीनं पितळी वाटीला बांधून घातला आहे. घाबरवून घाबरवून तिनं त्याच्या पोटात दुखणं उभं केलं आहे. मंडळाच्या बैठकीत मी जे मानसिक परिणाम वगैरे शब्द वापरायचो, ते सगळे मला तरीत आठवले. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

“काकींचं घर एकाकीच आहे नाही?” मी बाबलला म्हटलं.

बाबल वल्हं मारत राहिला. “एकली बाय ती,” तो म्हणाला. “तुमी जातास ता बरा करतास.”

त्याच्या ‘एकली’चा अर्थ मी असा लावला, की लवू असून नसल्यासारखाच आहे.

नवव्या दिवशी काम संपलं. दोन्ही डोलकाठ्या ताठ, सगळे दोर ताणलेले, आणि मांजरपाटाला खळ लावून मी शिडं अशी बसवली होती की वारा भरून जहाज धावतं आहे असं वाटावं. काकी देवीची ओटी भरायला गेल्या होत्या. जहाज पुरं झालं म्हणून त्यांना फार आनंद झाला होता. जाताना त्यांनी शिडांवरून, दोरांवरून बोटं फिरवून पाहिली आणि नांगराच्या दोराशी येऊन थांबल्या. तो जागच्या जागी आहे याची खात्री केली आणि मग गेल्या.

मी दोन पावलं मागे सरून बघितलं. काहीतरी खुपत होतं.

“शिडां फुगलेली, आणि नांगर खाली,” कोपऱ्यातून लवू म्हणाला. “असा जहाज तुमी खंय बघितलात, मास्तरानू?”

बरोबर वर्मावर बोट. हेच मला खुपत होतं. जाणत्यानं पाहिलं असतं तर पहिली चूक हीच काढली असती. जहाज एक तर नांगरलेलं असतं किंवा चाललेलं असतं, दोन्ही एकदम कसं असेल?

“काकींनी हात लावू नका म्हणून सांगितलंय,” मी म्हटलं.

“ठावक आसा.” त्याचा आवाज एकदम पडला. “ओहोटी लागली, मास्तरानू. उचला तो. पाया पडतंय तुमच्या.”

“तूच का नाही उचलत?”

त्याने दोन्ही हात पुढे केले. तळवे पांढरे पडून सुरकुतले होते, बोटांची टोकं धुण्यावर दिवसभर बसलेल्या बाईची होतात तशी. “माका तो गावणा नाय,” तो म्हणाला. “आयेन सोडलो, आयेन उचलूक व्हयो. नायतर परक्यान.”

तो बरगड्यांखाली हात दाबून वाकला होता. चेहरा असा पिळवटलेला, की मला बघवेना. मनाशी म्हटलं, एकदा नांगर वर गेला आणि काही झालं नाही की या मायलेकांच्या डोक्यातलं खूळ जाईल. आणि खरं सांगायचं तर जहाजही बरोबर दिसेल. दोन्ही कारणं सारखीच होती, हे आज कबूल करतो.

मी दोर धरला आणि नांगर उचलला. उचलला म्हणजे उचलायला गेलो. तो येईना. अंगठ्याएवढं लोखंड, पण मला दुसरा हात लावावा लागला, आणि मग चिखलातून पाय निघावा तसा तो सावकाश, आवाज करत वर आला. त्याच्याबरोबर तांदूळ वर आले. वरचे कोरडे होते, खालचे फुगून काळे पडलेले. खोलीत गाळाचा वास पसरला. नांगराच्या दाताला शेवाळाचा एक हिरवा धागा लोंबत होता.

मी नांगर नाळेला लावला आणि लवूच्याच गाठीनं बांधून टाकला. गाठ आवळली, तेव्हा जहाजाचे सगळे दोर एकदम करकरले. खिडकीबाहेर माडाचं पातं हलत नव्हतं, आणि माझी खळ लावलेली शिडं मी ठेवली होती त्याहून जास्त फुगली होती.

लवू उभा राहिला. पाय अधू नव्हता. तो सरळ उभा राहिला आणि त्याने खोल श्वास घेतला.

“आयेक सांगा,” तो म्हणाला, “आता माझा पान वाढू नको म्हणान.”

मागच्या दारानं तो परड्यात उतरला. मी दारापर्यंत गेलो तेव्हा तो खाडीच्या कडेला पोचलाही होता. मला वाटलं, पाय धुवायला उतरतोय. मग आगरातली भेंडीची झाडं आड आली. खाली बघितलं तर तो बसत होता त्या जाळ्याखाली पाण्याचं थारोळं होतं, आणि तिथून दारापर्यंत ओली पावलं उमटली होती.

काकी आल्या त्या प्रसादाची वाटी हातात घेऊन. उंबऱ्यातच त्यांना वास आला असावा. त्या धावतच आत आल्या, चाचपडत चौरंगापाशी गेल्या, वाटी हाताळली, मग नाळ हाताळली. नांगरावर त्यांची बोटं थांबली.

“खंय गेलो?” त्या म्हणाल्या.

“खाडीकडे. येईल इतक्यात. काकी, अहो, तरणाताठा मुलगा तुमचा...”

“लवू कधी गेलो ता तुमका कोणी सांगूक नाय?” त्या अगदी हळू म्हणाल्या. “तीन वर्सां झाली. चौघांची होडी होती. तिघे गावले. ह्यो गावाक नाय.”

 मी लवूच्या त्या जाळ्यावरच बसलो आणि ओल लागताच उठलो.

“नांगर वर होतो,” काकी सांगायला लागल्या. मला सांगत नव्हत्या, जहाजाला सांगत होत्या. “माणूस येवक नाय, तर तेराव्या दिवसाक वाटीतले तांदूळ खाडीत सोडूचे आणि नांगर वरच ठेवूचो. माझ्या सासवेन सोडल्यान. घोवासाठी मीव सोडलंय. झिलासाठी हात होयना. मी नांगर खाली सोडलंय, मास्तरानू. येवक नाय त्या माणसाचो नांगर कोण सोडता काय? मी सोडलंय. तिन्हीसांजेक तो दारात हुबो.”

“त्याला दुखत होतं,” मी कसंबसं म्हटलं. “ओहोटीला.”

“माका ठावक नाय?” त्या एकदम माझ्याकडे वळल्या. “आवशीक ठावक नसता? दिसाक दोनदा तो वाकताना मी बघतंय, आणि दर अमावास्येक नांगराक नवो दोर बांधतंय. जेचा जळता तेका कळता. तुमचा कोण गेलेला नाय अजून. म्हणान तुमचो हात उठलो.”

भीतीनं मी काय बोलतो ते मला कळेना. “पुन्हा सोडू का खाली?” मी म्हटलं आणि नाळेवरची गाठ सोडवायला लागलो. नखं मोडली. गाठ सुटेना. काकी आत गेल्या आणि विळी घेऊन आल्या. त्यांनी पातं दोरावर ठेवलं. एक दाब दिला असता तर नांगर वाटीत पडला असता. बाहेर ओहोटीचं पाणी खळखळत बाहेर चाललं होतं. काकींचा हात हलत नव्हता, त्यांच्या अंधूक डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा मला निरोप आठवला.

“काकी,” मी म्हटलं, “जाताना तो म्हणाला, आता माझं पान वाढू नको म्हणून सांगा.”

 मग त्यांनी विळी खाली ठेवली. वाटी उचलली, आणि कुणाचा हात न धरता परड्यातून खाली गेल्या. मी दारातून बघत होतो. त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून तांदूळ सोडले, आणि मग ओंजळीनं वाटी धुतली. परत येऊन त्यांनी वाटी चौरंगावर पालथी घातली आणि माझं सामान उचलून माझ्या हातात दिलं. त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरीवर बाबल माझी वाट बघत होता. मला बघून तो दचकला.

“तुमी हयसून कसे इलास?” तो म्हणाला. “मगाशी काकीच्या परड्यातसून पाण्यात कोण उतरलो मगे? माका वाटला, तुमीच पोहाक गेलात.”

पुढच्या जूनमध्ये मी बदली मागून घेतली. काकी गेल्या त्या वर्षी पार्सलनं एक मोठं खोकं माझ्या घाटावरच्या घरी आलं. आत भाताच्या पेंढ्यात बसवलेली गुराब होती, आणि एका फडक्यात पितळी वाटी. चिठ्ठी नव्हती. शिडं पिवळी पडली होती, दोर मात्र ठणठणीत होते, आणि नांगर नाळेवर मी बांधला होता तसाच होता. माझी बायको कुमुद पस्तीस वर्षं तिच्यावरची धूळ पुसत आली. “एवढी सुंदर शिडं आणि कुठे जातच नाही मेली,” असं दर दिवाळीला म्हणायची.

कुमुद जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला माणसं पांगल्यावर मी उगाच बसून राहिलो, आणि थोड्या वेळानं बघितलं तर गुराबेसमोरची वाटी तांदळानं भरलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे मीच भरली असणार.

लवूची गाठ सुटत नाही, कापावी लागते. म्हणून मी काल मुलीला बोलावून माझी सगळी पाती, कात्र्या, सुऱ्या, स्वयंपाकघरातली विळीसुद्धा तिच्याकडे देऊन टाकली. “बाबा, अहो, मग भाजी कशानं चिराल?” तिनं विचारलं. मी म्हटलं, शेजारच्या वहिनी चिरून देतात. ती पिशवी घेऊन गेली.

तांदूळ नदीत सोडून यायचे आहेत. रोज संध्याकाळी वाटी उचलतो, आणि पुन्हा चौरंगावर ठेवतो.